वगळलेले पाच देश आणि विद्यार्थ्यांनी घडवलेली एक शिस्त

#इतिहास #थ्रेड

१/ एप्रिल २०१३. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट येथील विद्यापीठात अर्थशास्त्राची पीएच.डी. करणाऱ्या थॉमस हर्नडन या २८ वर्षांच्या विद्यार्थ्याने एक्सेलची एक फाइल उघडली. तीत वीस देश होते. सरासरी काढणाऱ्या सूत्रात मात्र पंधराच देशांच्या ओळी धरल्या गेल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते. फाइल हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांची होती आणि त्यांच्या आकड्याचा दाखला अनेक देशांचे राजकारणी देत होते.

संशोधनाची विदा, म्हणजेच डेटा, कशी जपावी आणि आकडेमोड दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येईल अशी कशी मांडावी, या शिस्तीचा हा इतिहास. ती घडवण्यात विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा आहे.

२/ प्रकरणाचा आरंभ वर्गातल्या एका स्वाध्यायाने झाला. मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन हे दोन प्राध्यापक अर्थमितीचा अभ्यासक्रम शिकवत होते. स्वाध्याय असा होता: प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध निवडावा, त्याची विदा मिळवावी आणि लेखकांनी काढलेले उत्तर स्वतः काढून दाखवावे. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही, तशी आकडेमोडही दुसऱ्याचे निष्कर्ष वाचून येत नाही, हा त्यामागचा साधा विचार. हर्नडनने निवडलेला निबंध गाजलेला होता. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा हा निबंध २०१० साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये 'ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट' या नावाने प्रसिद्ध झाला होता.

३/ निबंधात १९४६ ते २००९ या काळातील वीस प्रगत अर्थव्यवस्थांचा विचार होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत सरकारी कर्ज किती, यावरून वर्षांचे चार गट पाडले होते. पहिल्या तीन गटांत अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी तीन-चार टक्क्यांच्या आसपास वाढलेल्या दिसत होत्या. कर्ज ९० टक्क्यांच्या पुढे गेलेल्या चौथ्या गटात मात्र सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. जणू ९० टक्क्यांच्या रेषेपलीकडे कडाच होता.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर सर्वत्र सरकारी कर्जे फुगली होती. खर्च कापावा की वाढवावा, हा वाद पेटला होता. अशा वेळी हा आकडा फार सोयीचा ठरला.

४/ ब्रिटनमध्ये जॉर्ज ऑस्बोर्न यांनी, युरोपीय आयोगाचे ओली रेन यांनी आणि अमेरिकेत पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पी प्रस्तावाने या संशोधनाचा हवाला दिला. काटकसरीची धोरणे एका निबंधामुळे आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांमागे राजकारण होते, बाजारांची भीती होती, जुने मतभेद होते. तरीही त्या धोरणांना विद्वत्तेचा शिक्का मिळाला, तो याच आकड्यातून. नोकरकपात, निवृत्तिवेतन आणि रुग्णालयांचा खर्च यांविषयीच्या चर्चेत 'नव्वद टक्के' हे शब्द वारंवार ऐकू येऊ लागले.

५/ हर्नडनला ते उत्तर काही केल्या मिळेना. प्राध्यापकांनाही प्रथम विद्यार्थ्याचेच काहीतरी चुकत असावे असे वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. पुन्हा करून पाहा, असे त्याला सांगण्यात आले. त्याने पुन्हा केले; उत्तर तेवढेच वेगळे आले. कर्जाची आणि वाढीची मूळ विदा लेखकांनी संकेतस्थळावर ठेवली होती. पण त्या विदेपासून निष्कर्षापर्यंत ते कोणत्या वाटेने गेले, कोणती वर्षे घेतली, कोणती सोडली, सरासरी कशी काढली, हे सारे त्यांच्या स्वतःच्या कामाच्या फाइलमध्ये होते आणि ती फाइल सार्वजनिक नव्हती. अखेर विनंती केल्यावर लेखकांनी ती पाठवली. या प्रकरणात त्यांच्या बाजूने नोंदवावी अशी ही गोष्ट आहे.

६/ फाइल हाती आली आणि तीन बाबी उघड झाल्या.

पहिली, सूत्रातली चूक. सरासरी ३० ते ४९ या ओळींची हवी होती; ती ३० ते ४४ याच ओळींची घेतली गेली होती. देश वर्णानुक्रमाने उलटे लावलेले असल्याने इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षरांचे पाच देश खाली राहून गेले.

दुसरी, वगळलेली वर्षे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा यांची महायुद्धानंतरची काही वर्षे उपलब्ध असूनही हिशेबात नव्हती.

तिसरी, भारांकन. प्रत्येक देशाला सारखेच वजन दिले होते, मग त्याची वर्षे कितीही असोत.

७/ तिसऱ्या बाबीचा परिणाम समजून घेण्याजोगा आहे. ब्रिटनने ९० टक्क्यांवर कर्ज असलेली १९ वर्षे काढली आणि त्या काळात सरासरी २.४ टक्क्यांनी वाढ साधली. न्यूझीलंडचे या गटात एकच वर्ष धरले गेले, १९५१. त्या वर्षी तेथील अर्थव्यवस्था ७.६ टक्क्यांनी आक्रसली होती. ब्रिटनची १९ वर्षे आणि न्यूझीलंडचे एक वर्ष तराजूत सारखेच तोलले गेले. हिशेबात प्रत्यक्ष सातच देश उरले होते. त्यामुळे एका लहान देशाच्या एका वाईट वर्षाला संपूर्ण सरासरीत सातवा हिस्सा मिळाला. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही आधीची वर्षे वगळली नसती, तर त्या देशाचे चित्रही निराळे दिसले असते.

८/ १५ एप्रिल २०१३ रोजी हर्नडन, ॲश आणि पोलिन यांनी आपले काम जाहीर केले. त्यांच्या हिशेबाने चौथ्या गटातील सरासरी वाढ उणे ०.१ नव्हे, अधिक २.२ टक्के होती. कर्ज जास्त तेथे वाढ कमी, हा कल त्यांच्या आकड्यांतही दिसत होता. दिसेनासा झाला तो कडा.

येथे एक गोष्ट लोकप्रिय वर्णनांतून निसटते. सूत्रातील चुकीने एकूण आकडा फक्त ०.३ टक्क्यांनी खाली गेला होता. मोठा फरक पडला तो वर्षांच्या निवडीने आणि भारांकनाने. वर्तमानपत्रांनी मात्र 'एक्सेलची चूक' एवढाच मथळा केला, कारण ती डोळ्यांना दिसत होती.

९/ राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी सूत्रातली चूक तत्काळ मान्य केली. वर्षे मुद्दाम वगळल्याचा आरोप त्यांनी फेटाळला, भारांकनाच्या पद्धतीचे समर्थन केले आणि आपला व्यापक निष्कर्ष टिकून असल्याचे म्हटले. हा वाद अर्थशास्त्रज्ञांचा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळे. भारांकन योग्य की अयोग्य, हा प्रश्न २०१० मध्येच विचारला जायला हवा होता. तो तीन वर्षे कोणालाही नीट विचारता आला नाही, कारण ती निवड झाली आहे हेच बाहेरून दिसत नव्हते.

१०/ अर्थशास्त्राला हा धडा नवा नव्हता. १९८० च्या दशकात 'जर्नल ऑफ मनी, क्रेडिट अँड बँकिंग' या नियतकालिकाच्या लेखकांकडून विदा आणि आज्ञावल्या मागवून त्यांची उत्तरे पुन्हा काढण्याचा एक प्रकल्प झाला. त्याचा अहवाल विल्यम डेवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रसिद्ध निबंधांत नकळत झालेल्या चुका अपवादाने नव्हे, तर सर्रास आढळतात, असे त्यांना दिसले. अनेक लेखकांना तर आपलीच विदा सापडेना. म्हणजे अडचण प्रामाणिकपणाची कमी आणि कपाट लावण्याची अधिक होती.

हे कपाट नीट लावण्याची एक पद्धत तोवर अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्याच विद्याशाखेत आकार घेऊ लागली होती.

११/ कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात भूभौतिकीचे प्राध्यापक जॉन क्लेअरबाउट यांनी १९७३ मध्ये 'स्टॅनफर्ड एक्सप्लोरेशन प्रोजेक्ट' सुरू केला. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, खडकांच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवायचे आणि त्यांवरून भूगर्भाचे चित्र संगणकाने रेखाटायचे, असे हे काम. तेलकंपन्या त्याला पैसा पुरवत. चित्रे काढत ते विद्यार्थी. एकाने चार-पाच वर्षे खपून पद्धत बसवायची, पदवी घेऊन निघून जायचे आणि पुढच्याने तेथून काम पुढे न्यायचे, अशी रीत होती.

१२/ ही रीत कागदावर सोपी होती. प्रत्यक्षात नव्या विद्यार्थ्याला आधीच्याचे चित्र पुन्हा काढताच येत नसे. आज्ञावली सापडे, पण ती कोणत्या विदेवर चालवली ते कळत नसे. विदा सापडे, पण कोणती मूल्ये घेतली होती ते कोणी लिहून ठेवलेले नसे. १९८० च्या दशकाच्या मध्यास क्लेअरबाउट यांच्या गटाच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. काम संपल्यावर काही महिन्यांतच खुद्द ते करणाऱ्यालाही ते पुन्हा उभे करताना घाम फुटत असे. स्वतःचेच हस्ताक्षर वाचता न येणाऱ्या वैद्यासारखी ही अवस्था होती.

१३/ उपाय सापडला तो एका जुन्या अवजारात. १९७६ मध्ये बेल लॅब्समधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाची आज्ञावली लिहिली होती. तिच्या जन्माची कथा बोलकी आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने एका चुकीच्या शोधात अख्खी सकाळ घालवली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. मात्र दुरुस्त मजकुरावरून यंत्रभाषेतील फाइल नव्याने तयार केलीच नव्हती, त्यामुळे संगणक जुनीच फाइल चालवत होता. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे 'मेक'ला एकदा सांगून ठेवले, की मूळ बदलताच त्यावर आधारलेले सर्व काही तेवढेच आणि योग्य क्रमाने नव्याने बनते.

१४/ 'मेक' होते प्रोग्रामरांसाठी. स्टॅनफर्डच्या गटाने ते शोधनिबंधाला लावले. निबंधातील प्रत्येक आकृती कोणत्या विदेपासून आणि कोणत्या आज्ञावलीने बनते, हे नियमाच्या रूपात लिहिले जाऊ लागले. आज्ञा मोजक्या होत्या: एकीने सर्व आकृत्या पुसून टाकायच्या, दुसरीने त्या मुळापासून पुन्हा बनवायच्या, तिसरीने पाहायच्या, चौथीने मधला पसारा आवरायचा. आपलीच आकृती पुसून टाकण्याची आज्ञा विद्यार्थ्याने निर्धास्तपणे द्यावी, यातच सगळी परीक्षा होती. जे पुसायला हात धजत नाही, ते पुन्हा बनेल याची खात्री नसते.

१५/ प्रत्येक आकृतीखाली एक खूणही असे. सहज पुन्हा बनणारी, अटींवर पुन्हा बनणारी आणि पुन्हा न बनणारी, असे तीन वर्ग होते. विदा एखाद्या कंपनीच्या मालकीची असेल किंवा गणिताला फार वेळ लागत असेल, तर दुसरा वर्ग. हाताने काढलेली किंवा अन्यत्रून घेतलेली आकृती असेल, तर तिसरा. तिसऱ्या वर्गात असणे हा गुन्हा नव्हता. ते लपवणे मात्र या पद्धतीत बसत नव्हते. १९९२ मध्ये क्लेअरबाउट आणि मार्टिन कारेनबाख यांनी ही पद्धत भूभौतिकीतज्ज्ञांच्या वार्षिक संमेलनात मांडली. 'रिप्रोड्युसिबल रिसर्च', म्हणजेच पुनरुत्पादनक्षम संशोधन, ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ होण्याची सुरुवात सहसा येथूनच धरतात.

१६/ हा विचार दूरवर पोहोचवला तो स्टॅनफर्डचेच संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड डोनोहो यांनी. १९९५ मध्ये जोनाथन बकहाइट यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी क्लेअरबाउट यांच्या म्हणण्याचा गाभा धारदार केला. त्याचा आशय असा, की संगणकाधारित विज्ञानात छापलेला निबंध केलेल्या कामाची केवळ जाहिरात असतो. खरे काम म्हणजे संपूर्ण आज्ञावली, विदा आणि त्यांतून आकृती उभी राहण्याची व्यवस्था. या दोघांनी आपल्या 'वेव्हलॅब' या आज्ञावली-संचासोबत निबंधांतील आकृत्या बनवणारी आज्ञावलीही खुली केली.

१७/ पुढची अवजारे घडवण्यातही विद्यार्थी आघाडीवर दिसतात. २००१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएच.डी. करणाऱ्या फर्नांडो पेरेझ यांनी प्रबंध बाजूला ठेवून 'आयपायथॉन' लिहायला घेतले. त्यातूनच पुढे आज जगभर वापरली जाणारी 'ज्युपिटर' वही उभी राहिली, जिच्यात गद्य, आज्ञा आणि उत्तर एकाखाली एक नांदतात. 'आर' भाषेत अहवाल आणि आकडेमोड एकाच फाइलमध्ये लिहिण्याची सोय फ्रीड्रिख लाइश यांच्या 'स्वीव्ह'ने २००२ मध्ये केली. दहा वर्षांनी तिची सुबक उत्तराधिकारी 'निटर' आली, ती आयोवा स्टेट विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या यीहुइ शिए यांच्याकडून. या साऱ्यामागे डोनाल्ड कनुथ यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार होता: आज्ञावली माणसाला वाचता यावी अशी लिहावी.

१८/ ही शिस्त नसेल तर काय घडू शकते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण कर्करोग संशोधनातले आहे. ड्यूक विद्यापीठातील एका गटाने २००६ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये दावा केला, की पेशींतील जनुकांच्या नोंदींवरून कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते. टेक्सासमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राचे कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी ही पद्धत पडताळायला घेतली. त्यांना जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या आढळल्या. काही ठिकाणी तर औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींची नावेच उलटी लागली होती.

१९/ दरम्यान २००७ पासून या पद्धतीवर आधारित चाचण्यांत प्रत्यक्ष रुग्णांची नोंदणी सुरू झाली. पुढे ती संख्या शंभरावर गेली. २००८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील एका वैद्यकीय विद्यार्थ्याने लेखी शंका मांडल्या आणि आपले नाव निबंधांवरून काढून घेतले. त्याचे म्हणणे तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी आपल्या पडताळणीचे अहवाल 'स्वीव्ह'मध्ये लिहिले होते, म्हणजे तपासनिसांचा तपासही कोणाला करता यावा. चाचण्या थांबल्या, २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या चौकशीत संशोधनातील गैरवर्तन सिद्ध झाल्याचे जाहीर झाले.

२०/ दोन्ही प्रकरणांत एक प्रश्न समान आहे: हे काम शिकवते कोण? पदवीच्या वर्गात विषय शिकवला जातो; फाइल कशी ठेवावी हे प्रत्येकाने आपापले पाहून घ्यायचे. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील संशोधकांसाठी 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' हा अभ्यासक्रम सुरू केला. नावातच भूमिका होती. गगनचुंबी इमारती बांधणारा अभियंता घडवायचा नव्हता. दार नीट बसवता येणारा सुतार घडवायचा होता. पुढे त्याच्या दोन दिवसांच्या कार्यशाळा स्वयंसेवकांच्या बळावर जगभर पसरल्या. २०१४ मध्ये 'डेटा कार्पेंट्री' निघाली आणि २०१८ मध्ये दोन्ही एका छत्राखाली आल्या.

२१/ या कार्यशाळांतून आणि त्यांच्या परंपरेतून विद्यार्थी काय शिकतो? आरंभ अगदी प्राथमिक असतो.

• मूळ विदा आली तशीच जपायची. तिच्यावर काही लिहायचे नाही. शुद्ध केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये.
• फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते. 'अंतिम', 'खरेच अंतिम' अशी नावे बाद.
• प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि रिकाम्या जागेचा अर्थ सांगणारी साधी मजकूर-फाइल सोबत.
• प्रती एकाहून अधिक, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी.
• माउसने केलेला बदल मागे खूण ठेवत नाही, म्हणून प्रत्येक बदल आज्ञावलीतून.

२२/ शेवटच्या नियमाची गरज जनुकशास्त्राने स्वतःवर ओढवून घेतलेल्या एका फजितीतून कळते. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' अशी जनुकांची संक्षिप्त नावे होती. एक्सेल त्यांना निमूटपणे तारखा समजे आणि बदलून टाके. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. अवजार बदलत नाही म्हणून शास्त्राने परिभाषा बदलली.

२३/ यानंतरचा टप्पा म्हणजे बदलांचा इतिहास राखणे. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' लिहिले ते हजारो प्रोग्रामरांचे काम एकत्र बांधण्यासाठी. प्रबंध लिहिणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यालाही ते तितकेच उपयोगी पडले. कोणती ओळ कधी बदलली आणि का, हे प्रत्येक नोंदीसह जपले जाते. एखादे वर्ष वगळले, तर त्या दिवशीची नोंद 'का वगळले' हे विचारते. उत्तर लिहिताना संशोधकाला स्वतःलाच ते पटावे लागते.

येथे एक भ्रम दूर ठेवला पाहिजे. आज्ञावली लिहिली म्हणजे चूक टळते असे नाही. पंधराच देश धरणारी आज्ञावलीही लिहिता येते. फरक इतकाच, की ती चूक वाचता येते आणि विदेसह खुली ठेवली असेल, तर विनंतीपत्राविना कोणालाही वाचता येते.

२४/ संस्था हळूहळू मागोमाग आल्या. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून प्रत्येक अर्जासोबत विदा-व्यवस्थापनाचा आराखडा अनिवार्य केला. २०१३ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेने 'झेनोडो' हे विनामूल्य भांडार उघडले, जेथे विदेला आणि आज्ञावलीला निबंधासारखाच कायमचा क्रमांक मिळतो. २०१६ मध्ये विदा सापडण्याजोगी, मिळण्याजोगी, इतरांशी जुळण्याजोगी आणि पुन्हा वापरण्याजोगी असावी, ही चार तत्त्वे 'फेअर' या नावाने मांडली गेली. आणि ज्या संघटनेच्या नियतकालिकात तो ९० टक्क्यांचा निबंध छापला गेला, त्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने विदेसाठी स्वतंत्र संपादक नेमला. २०१९ च्या धोरणानुसार निबंध स्वीकारण्यापूर्वी विदा आणि आज्ञावली तपासली जाऊ लागली.

२५/ महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासाठी या परंपरेचे एक दार पवईत आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, पायथॉन, आर, गिट यांसारख्या मुक्त अवजारांचे लहान लहान दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य मिळतात आणि त्यांतील अनेक पाठांना मराठी निवेदनही आहे. शिकण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर किंवा परदेशी कार्यशाळा यांची अट उरलेली नाही.

अट उरते ती वेळेची. मार्गदर्शक निबंध मोजतात. नीट लावलेले फोल्डर कोणी मोजत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्याला 'हे नंतर कर' असे सांगणे सोपे असते आणि ते 'नंतर' बहुधा येत नाही.

२६/ संगणकाधारित जीवशास्त्राचे अभ्यासक विल्यम नोबल यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहिली. त्यांची कसोटी साधी आहे: या कामाशी अपरिचित असलेल्या माणसाला केवळ फाइली पाहून काय केले आणि का केले हे कळले पाहिजे. तो अपरिचित माणूस बहुतेक वेळा काही महिन्यांनंतरचे आपणच असतो. क्लेअरबाउट यांच्या गटाचा अनुभवही हाच होता, की या शिस्तीचा पहिला लाभ खुद्द ती पाळणाऱ्याला होतो.

दुसरा लाभ मिळतो तो नंतर त्याच जागेवर येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला. त्याच्या हाती सगळेच पूर्ण देता येईल असे नाही. रुग्णांची विदा उघड करता येत नाही, कंपनीची देता येत नाही, काही गणिते पुन्हा करणे परवडत नाही. तेथे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची जुनी रीत आजही पुरते: जी आकृती पुन्हा बनत नाही, तिच्याखाली तसे लिहून ठेवावे.

#समाप्त